हिकमत, दौलत आणि ‘योगसंग्राम’

मराठी संतसाहित्याचा इतिहास सांगताना मुस्लिम संतकवींची नावे एका दमात घेतली जातात. श्रीगोंद्याचे शेख महंमद, शहागडचे शहामुनी, गीतेवर टीका लिहिणारे हुसेन अंबरखान. नावे घेऊन झाली की ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक’ असा शिक्का मारला जातो आणि विषय संपतो. वा. सी. बेंद्रे यांनी ‘योगसंग्राम’ संपादित केला, रा. चिं. ढेरे यांनी या संतकवींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण आपल्या घरांत हे ग्रंथ किती पोचले? प्रतीक झालेल्या कवीला हारतुरे मिळतात, वाचक मिळत नाहीत. म्हणून ऐक्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून शेख महंमदांना एक वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो. माणसाला मिळालेली प्रतिभा कुणाची, आणि ती कुणाच्या खाती जमा करायची?

या प्रश्नाची चौकट आपल्याला कुरआनात सापडते. सूरह अल-कससमध्ये कारूनची हकिगत आहे. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलायला बलदंड माणसांची टोळी लागत असे. त्याचा गुन्हा श्रीमंती हा नव्हता. हे सारे मला माझ्या ज्ञानामुळे मिळाले, असा त्याचा दावा होता. शेवटी तो घरादारासह जमिनीत गडप झाला. दुसरीकडे सूरह अन-नम्लमध्ये हजरत सुलेमान (अ.) आहेत. त्यांच्यापाशी राज्य होते, वैभव होते. तरी सबाच्या राणीने पाठवलेला नजराणा त्यांनी परत केला आणि आपल्याला लाभलेले सर्व काही रबची मेहरबानी आहे, असे मानले. दोघेही धनवान आणि दोघांपाशीही ज्ञान. फरक एवढाच, की एकाने ज्ञानाची मालकी सांगितली आणि दुसऱ्याने ते अमानत म्हणून सांभाळले. हजरत लुकमान यांना हिकमत बहाल झाली, तेव्हा तिच्या जोडीला शुक्र करण्याचा आदेशही आला. हिकमत म्हणजे नुसती हुशारी नव्हे. ती कुठून आली याची जाण तिच्यात धरलेली आहे.

या कसोटीवर शेख महंमदांकडे पाहावे. त्या काळी श्रीगोंद्याला चांभारगोंदे म्हणत. मुलूख निजामशाहीचा, दरबारात मान फारसीला. शिकलेल्या मुसलमानाने फारसीत लिहावे आणि मानमरातब मिळवावा, अशी वाट मोकळी होती. शेख महंमदांनी ओवी निवडली. शके 1567, म्हणजे इ.स. 1645 मध्ये पूर्ण झालेला ‘योगसंग्राम’ अठरा प्रसंगांचा आहे. आत्मा हा योद्धा आणि अहंकार हा शत्रू, असे युद्धाचे रूपक त्यात चालवले आहे. चांद बोधले हे त्यांचे गुरू, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामीही त्यांचेच शिष्य, असे परंपरा मानते. म्हणजे सूफी आणि वारकरी हे दोन्ही प्रवाह त्यांच्या घरचेच होते.

त्यांना द्रव्य मिळालेच नाही, असेही नाही. मालोजीराजे भोसले यांनी त्यांना श्रीगोंद्यात मठ आणि जमीन दिल्याचे सांगितले जाते. म्हणून त्यांना दारिद्र्याचे पुतळे करण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे हे, की राजाश्रय लाभूनही त्यांच्या लेखणीने राजाची स्तुती हा विषय केला नाही. तिने ढोंगी साधूंना सोडले नाही, तसे पोटभरू पीर-फकिरांनाही सोडले नाही. आपण ‘अविंध’, म्हणजे मुसलमान, आहोत हे त्यांनी कवितेत लपवले नाही आणि विठ्ठलभक्तांच्या भाषेत बोलताना संकोचही केला नाही. दोन्हीकडचा रोष ओढवून घेणारी ही जागा होती. तिथे उभे राहणे हाच त्यांच्या प्रतिभेचा शुक्र होता, असे मला वाटते.

ग्रंथ म्हणून ‘योगसंग्राम’ निर्दोष नाही. योगमार्गाच्या परिभाषेचा भार फार आहे. रूपक कधी कधी ताणले जाते आणि उपदेश कवितेवर कुरघोडी करतो. आजच्या वाचकाला पहिले काही प्रसंग चढण चढल्यासारखे वाटतील. पण शत्रू बाहेर नाही, आत आहे, हे ज्या चिकाटीने शेख महंमद पटवत राहतात, तीत जिहाद-ए-नफ्सचा मराठी उच्चार ऐकू येतो. ही ओळख पटली की चढण सोपी होते.

प्रतिभा अल्लाहसाठी वापरणे म्हणजे केवळ हम्द-नात लिहिणे, असाही एक संकुचित समज आपल्यात आहे. बार्शीत 1916 साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, साम्यवादी विचारांचे होते. धार्मिक कवी म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही. पण आपला पहाडी आवाज त्यांनी गिरणी कामगारांसाठी आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी खर्च केला. ‘हुकूकुल इबाद’, म्हणजे माणसांचे हक्क, हा ज्या दीनचा भाग आहे, त्या दीनच्या वाचकाला या आवाजाचे मोल कळायला हवे.

रोडपालीत बसून हे लिहिताना एक सावधगिरी आवश्यक वाटते. कळंबोली वसाहतीला लागून असलेले हे गाव नवी मुंबईच्या पोटात आले. 1970 साली सिडको स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, भातशेती आणि मिठागरे गेली. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात आंदोलनात पाच जणांचे बळी गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. अशा मुलखात ‘धन मिथ्या आहे’ असे सांगणे म्हणजे ज्याचे गेले त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होईल. हक्काचे मागणे आणि दौलतीला कारूनसारखे कवटाळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न मोबदला मिळाल्यानंतर सुरू होतो. चौकाचौकात जमिनीच्या भावाची चर्चा असते. 2025 मध्ये विमानतळ सुरू झाल्यावर ती आणखी वाढली. त्या चर्चेत मुलींचे शिक्षण, मोहल्ल्यातले वाचनालय, घरातली पुस्तके यांना किती जागा आहे?

2025 मध्येच श्रीगोंद्यात शेख महंमदांच्या समाधीस्थानाची व्यवस्था कुणाकडे असावी, यावरून वाद आणि आंदोलन झाले. कुणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या कवीने अहंकाराशी लढाई हाच ग्रंथविषय केला, त्याच्या नावाने जागेची लढाई पेटावी आणि ग्रंथ मात्र कपाटात राहावा, हे आपल्या सर्वांच्याच वाचनाविषयी काही सांगते. जागा ज्यांच्या ताब्यात जायची त्यांच्या जावो. ‘योगसंग्राम’वर कुणाचा ताबा नाही. मुस्लिम मराठी लेखकाला वारसा हवा असेल तर तो तिथे आहे, साडेतीनशेहून अधिक वर्षे वाट पाहत. तो घ्यायला सातबारा लागत नाही.