कळफलकावरचे कळंब

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कळंबचे नाव रोमन अक्षरांत लिहिले की 'ळ' हरवतो; अनोळखी माणूस 'कलंब' वाचून मोकळा! इनस्क्रिप्ट कळफलकावर मात्र 'ळ'ला हक्काची जागा आहे: 'ल'चीच कळ, शिफ्टसह. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मान्य केलेल्या या रचनेत स्वर डावीकडे, व्यंजने बहुतेक उजवीकडे. क-ख, ग-घ, त-थ या जोड्या एकेका कळीवर. महाप्राण हवा तर शिफ्ट दाबायची.

याहून मोलाची वाटते ती पहिल्या वेलांटीची सोय. टंकलेखन यंत्रावर 'कि' उमटवताना वेलांटी आधी मारावी लागे, कारण यंत्राला फक्त आकार ठाऊक. इथे उच्चाराप्रमाणे आधी 'क', मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवण्याचे काम आज्ञावलीचे. त्यामुळे आमची लिहिण्याची सवयच बदलली. कच्चा खर्डा सुटला, वाक्य मनाशी उच्चारीत थेट टंकू लागलो.

उणीव एकच, पण मोठी. बाजारातील कळफलकांवर देवनागरी अक्षरे बहुधा छापलेलीच नसतात. मग मुले रोमनकडे वळतात, आणि 'ळ' पुन्हा जातो. वर्गात पुठ्ठ्यावर हा कळफलक आखून घ्यावा, जोड्या मुलांनाच शोधू द्याव्यात. 'ह'च्या कळीवर 'ङ' का बसवला, असे कोणीतरी विचारीलच.