अंगठा आणि नाव

अमेरिकेत मुलं वाढवलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हा फोटो पाहिलेला असेल. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात, महामंदीच्या धड्यात तो हमखास भेटतो. कपाळावर आठ्या पडलेली एक बाई, उजवा हात गालापाशी. दोन मुलं तिच्या दोन्ही खांद्यांवर तोंड लपवून टेकलेली, मांडीत तान्हं. डोरोथिया लँगनं १९३६ साली कॅलिफोर्नियात काढलेला ‘मायग्रंट मदर’. माझ्या मुलीला शाळेत त्यावर प्रश्न आला होता : या बाईच्या मनात काय चाललं असेल? तिनं पानभर लिहिलं. गरिबी, मुलांची काळजी, आईचा धीर. मार्कही चांगले मिळाले. मी वाचलं आणि मलाही ते पटलं.

पुढे या फोटोबद्दल वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं, की प्रश्नच चुकला होता. फोटोबद्दल मनात काय होतं, हे ती बाई पुढे स्वतःच सांगून गेली आहे. आमच्या उत्तरात त्यातलं काहीच नव्हतं.

आपण कविता वाचायला शिकतो, पण फोटो वाचायला शिकत नाही. फोटो ‘दिसतो’, म्हणजे कळलाच, असं धरून चालतो. म्हणून हा एक फोटो जरा सावकाश वाचून पाहू या.

पहिला प्रश्न : तो कुणासाठी काढला? लँग सॅन फ्रान्सिस्कोत श्रीमंतांचे पोर्ट्रेट काढणारा स्टुडिओ चालवायच्या. मंदीत त्या रस्त्यावर उतरल्या आणि १९३५ पासून रूझवेल्ट सरकारच्या ‘रीसेटलमेंट अॅडमिनिस्ट्रेशन’साठी काम करू लागल्या. या खात्याच्या फोटो विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर. कष्टकऱ्यांना सरकारी मदत का हवी, हे शहरातल्या मतदारांना आणि वॉशिंग्टनमधल्या पुढाऱ्यांना पटवायचं, हा या फोटोंचा एक उघड हेतू होता. म्हणजे हा फोटो एक सरकारी अर्जच होता. तसं असण्यात वाईट काही नाही, पण अर्ज वाचताना तो अर्ज आहे हे ठाऊक असावं.

दुसरा प्रश्न : चौकटीबाहेर काय राहिलं? महिनाभराचा दौरा संपवून लँग घरी निघाल्या होत्या. निपोमोजवळ मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. त्या पुढे निघून गेल्या आणि वीसेक मैलांवरून परत फिरल्या. तळावर त्यांचं काम जेमतेम दहा मिनिटांचं झालं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात त्या दिवसाचे आणखी फोटो आहेत, तुम्हाला ते घरबसल्या पाहता येतील. जरूर पाहा. एकात उघडा तंबू आहे आणि खुर्चीत बसलेली थोरली मुलगी आहे. एकात बाई बाळाला पाजते आहे. लँग जवळजवळ सरकत गेल्या आणि एकेक गोष्ट गळत गेली. आधी सामान, मग थोरली मुलगी, मग तंबू. शेवटी फक्त ‘आई’ उरली. ज्या फोटोला आपण योगायोगानं टिपलेला क्षण समजतो, तो असा निवडत निवडत घडला आहे.

आता अंगठ्याची गोष्ट. मूळ फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा पुढे येतो. लँगना तो खुपत होता. काही वर्षांनी त्यांनी तो निगेटिव्हवरूनच पुसून घेतला. स्ट्रायकर यांना हे रुचलं नाही. पुरावा म्हणून काढलेल्या फोटोत अशी ढवळाढवळ कशी चालेल? आजही वर्गात या फोटोवर चर्चा निघाली की गाडी तिथेच अडते : हा फोटो खरा की खोटा?

मला वाटतं, आपण चुकीच्या जागी भांडतो आहोत. अंगठा पुसला म्हणून त्या बाईचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते फोटोखालच्या ओळीमुळे. त्यात मटार तोडणारे निराधार मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस, एवढंच होतं. नाव नव्हतं, कारण ते विचारलंच गेलं नव्हतं. हे लँगनी स्वतःच नंतर लिहिलं आहे. आपल्याकडे ज्याला सही येत नाही, तो निदान अंगठा तरी उठवतो. इथे नावही नाही आणि अंगठाही पुसलेला.

तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ते जगाला कळलं १९७८ मध्ये, तिनं मॉडेस्टोच्या वृत्तपत्राला कळवल्यावर, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. ती चेरोकी वंशाची होती. धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमातून हुसकावलेली गोरी शेतकरीण म्हणून देशानं जिच्यासाठी डोळे पुसले, ती मुळात त्या गोष्टीतली नव्हतीच. वादळांच्या आधीच, १९२० च्या दशकात, ती कॅलिफोर्नियात आली होती. कुटुंबाच्या सांगण्यानुसार त्या तळावर ते मुक्कामाला नव्हते. गाडी बिघडली, मुलगे दुरुस्तीसाठी गावात गेले, तेवढ्यात फोटो निघाला. गाडीचे टायर विकून त्यांनी अन्न घेतलं, असं लँगनी लिहिलं होतं. मुलगा म्हणाला, विकायला टायर होतेच कुठे? फोटो छापून आल्यावर सरकारनं तळावर वीस हजार पौंड अन्न पाठवलं, तोवर हे कुटुंब पुढच्या कामाला निघून गेलं होतं. फ्लॉरेन्सची तक्रार साधी होती : नाव विचारलं नाही, फोटो विकणार नाही म्हणाली होती, प्रत पाठवते म्हणाली ती आली नाही, आणि मला यातून एक पैसाही मिळाला नाही.

लँगनाही फोटोचे हक्क मिळाले नव्हते, तो सरकारी मालकीचा होता. म्हणून त्यांना लबाड ठरवणं सोपं आणि चूक. मी त्यांना मोजतो ते त्यांच्याच मापानं. पती पॉल टेलर यांच्याबरोबर १९३९ मध्ये त्यांनी ‘अॅन अमेरिकन एक्सोडस’ काढलं. त्यात फोटोंबरोबर स्थलांतरितांचे स्वतःचे शब्द छापले आहेत. माणसाशी बोलायचं, तो म्हणेल ते टिपून घ्यायचं, ही त्यांची रीत होती. निपोमोत ती रीत सुटली, आणि नेमका तोच फोटो अजरामर झाला. तो अजरामर होण्यात या अनामिकपणाचाही वाटा असावा. नाव असतं तर ती ‘कुणीतरी’ झाली असती, सगळ्यांची आई झाली नसती.

गोष्ट इथेही संपत नाही. १९८३ मध्ये फ्लॉरेन्स आजारी पडली. मुलांनी मदतीचं आवाहन केलं, तेव्हा देशभरातून पैसे आले आणि पत्रंही आली. ती पत्रं वाचून आपली फोटोकडे बघायची नजर बदलली, असं मुलांनीच सांगितलं. म्हणजे फोटोनं खरंच काही दिलं. फक्त ते योग्य पत्त्यावर पोचायला सत्तेचाळीस वर्षं लागली.

हे सगळं कळल्यावर फोटो लहान झाला का? माझ्यासाठी नाही. पूर्वी मला त्यात माझी दया दिसायची. आता एक बाई दिसते, जिला आपला फोटो काढलेला नकोसा झाला होता.

आमच्या घरी एक फोटो आहे, भारतातून येताना बॅगेत आणलेला. वाड्याच्या पायरीवर सगळं कुटुंब. मागे वडिलांच्या अक्षरात, डावीकडून उजवीकडे, सगळ्यांची नावं. शेवटी ‘व इतर’. त्या ‘इतर’मध्ये एकच बाई आहे, कडेला उभी, आणि तिच्या कडेवर मी आहे. मागच्या महिन्यात आत्याला फोन करून तिचं नाव विचारलं. आत्या बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, “अरे, आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो.”

तुमच्याकडेही असा एखादा फोटो असेल. उलटा करून पाहा. विचारायला कुणी आहे, तोवर विचारून घ्या.