प्रोग्राम बदला, पण पत्रे सांभाळून

संगणकावरील ई-मेलच्या प्रोग्रामचे परीक्षण करताना बहुधा त्याचे रूप, वेग आणि सोयी पाहिल्या जातात. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा. हा प्रोग्राम सोडायची वेळ आली, तर आपली पत्रे त्यातून सुखरूप बाहेर काढता येतील का?

ही वेळ येतेच. १९८८ साली स्टीव्ह डॉर्नर यांनी लिहिलेला ‘युडोरा’ एके काळी फार लोकप्रिय होता. क्वालकॉम कंपनीने २००६ मध्ये त्याचा विकास थांबवला. ‘आउटलुक एक्सप्रेस’ही मागे पडला. विंडोजमधील ‘मेल’चा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी काढून घेतला. शाळेचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार अशा प्रोग्राममध्ये असेल, तर तो हलवणे भागच पडते.

त्याआधी पत्रे कोठे आहेत ते पाहावे. ‘आयमॅप’ पद्धतीत मूळ प्रत सर्व्हरवर राहते आणि संगणकावर असते ती तिची नक्कल. तेथे नव्या प्रोग्राममध्ये खाते जोडले की पत्रे पुन्हा दिसतात. ‘पॉप’ पद्धतीत मात्र पत्र संगणकावर उतरले की सर्व्हरवरील प्रत अनेकदा पुसली जाते. मग संगणकावरची प्रत हीच एकमेव प्रत. खरा धोका येथे आहे.

साठवणीच्या रीतीतही फरक आहे. ‘एमबॉक्स’ या जुन्या रीतीत एका कप्प्यातील सारी पत्रे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक असतात. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही उघडते. ‘थंडरबर्ड’ ही रीत वापरतो, हा त्याचा मोठा गुण. आउटलुकची ‘पीएसटी’ फाइल तशी वाचता येत नाही. तिची रचना मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये प्रसिद्ध केली. तोवर वापरणारा जवळजवळ त्या एकाच कंपनीवर अवलंबून होता. हे आम्हाला गैर वाटते, कारण पत्रे त्याची असतात, कंपनीची नव्हेत.

पण एमबॉक्स म्हटले की सारे निभावले, असेही नाही. युडोरा जोडलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत असे. केवळ पत्रांची फाइल उचलली, तर पत्र येते आणि त्यासोबतचा निकालाचा तक्ता मागे राहतो. पत्त्यांची वही आणि पत्रे वर्गवारीने लावण्याचे नियमही वेगळे साठवलेले असतात.

मराठी पत्रांची अडचण आणखी निराळी. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले होते. तो फॉन्ट नसेल तर पत्र शाबूत असूनही अर्थहीन दिसते. जुना फॉन्ट जपणे किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे, हाच उपाय.

वरसावे येथे वसईच्या खाडीवर नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. तो बांधला जात असताना जुन्या पुलावरून वाहतूक चालूच होती. येथेही तोच क्रम ठेवावा. प्रथम जुना प्रोग्राम बंद करून त्याच्या संपूर्ण फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग नवा प्रोग्राम बसवून त्यात पत्रे आणावीत. प्रत्येक कप्प्यातील पत्रांची संख्या दोन्हीकडे मोजून ताडावी. सर्वांत जुने पत्र, जोडफाइल असलेले एक पत्र आणि मराठीतील एक पत्र उघडून पाहावे. जुना प्रोग्राम काही महिने तरी काढू नये. वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून ही मोजणी करून घेतली, तर माहितीची साठवण म्हणजे काय याचा तो उत्तम प्रात्यक्षिक पाठ ठरेल. खाजगी पत्रे मात्र त्यातून आधी वगळावीत.

नवा प्रोग्राम जुन्यातील पत्रे आत घेण्याची सोय उत्साहाने मिरवतो. बाहेर नेण्याची सोय मात्र पुष्कळदा मेन्यूच्या कोपऱ्यात दडलेली असते. निवड करताना आपण ती आधी शोधावी, आणि सापडली नाही तर त्या प्रोग्रामवर आपली पत्रे सोपवू नयेत.