लुआ भाषेचे आभासी यंत्र : रचनेची चिकित्सा

संगणकभाषेसाठी स्वतंत्र आभासी यंत्र घडविताना भाषेचा स्वभाव आणि यंत्राची रचना यांचा मेळ साधावा लागतो. ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे १९९३ मध्ये निर्माण झालेल्या लुआ या भाषेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. रोबेर्तो इएरुसालिम्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ च्या ५.० आवृत्तीत स्टॅकवर आधारित यंत्राचा त्याग करून रजिस्टरवर आधारित यंत्र स्वीकारले. २००५ च्या शोधनिबंधात त्यांनी या निर्णयाचे समर्थन केले. त्या समर्थनाची ही चिकित्सा.

दोन स्थानिक चलांची बेरीज करून ती पहिल्या चलात साठवायची असल्यास स्टॅक यंत्राला चार आज्ञा लागतात : दोन मूल्ये चढविणे, बेरीज करणे आणि उत्तर उतरविणे. रजिस्टर यंत्रात हेच काम एका आज्ञेत होते. लुआमध्ये प्रत्येक मूल्यासोबत त्याच्या प्रकाराची खूणही वाहावी लागते. त्यामुळे मूल्यांची प्रत्येक ने-आण महाग पडते. लेखकांच्या युक्तिवादाचे खरे बळ येथे आहे. तो रजिस्टरच्या सार्वत्रिक श्रेष्ठत्वाचा पुरावा मात्र ठरत नाही. जावाच्या बाइटकोडवर २००५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका स्वतंत्र अभ्यासात रजिस्टर पद्धतीने अंमलात येणाऱ्या आज्ञा सरासरी ४७ टक्क्यांनी घटल्या, परंतु संकेताचा आकार २५ टक्क्यांनी वाढला.

आज्ञेच्या ३२ बिटांपैकी ६ कृतिसंकेताला, ८ परिणामाच्या रजिस्टरला आणि प्रत्येकी ९ दोन कार्यमूल्यांना, ही वाटणी सुटसुटीत होती. तथापि ६ बिटांत ६४ हून अधिक आज्ञा मावत नाहीत. २०२० च्या ५.४ आवृत्तीत कृतिसंकेताला ७ बिट द्यावे लागले आणि जुनी मांडणी मोडावी लागली.

अधिक गंभीर प्रश्न विश्वासार्हतेचा आहे. जावाचे यंत्र परका बाइटकोड चालविण्यापूर्वी त्याची पडताळणी करते. लुआने २०११ च्या ५.२ आवृत्तीत ही पडताळणी काढून टाकली. हेतुपुरस्सर बिघडविलेला बाइटकोड यंत्र कोसळवू शकतो, हे भाषेची अधिकृत पुस्तिकाच मान्य करते. आटोपशीरपणाची ही किंमत वापरकर्त्याला मोजावी लागते.

सारांश, लुआच्या रचनाकारांचा निर्णय त्यांच्या भाषेपुरता सयुक्तिक ठरतो. अध्यापनात तो अनुकरणीय नमुना म्हणून न मांडता, आपल्या भाषेत कोणती क्रिया महाग आहे हे आधी तपासण्याच्या पद्धतीचा पाठ म्हणून मांडणे अधिक उचित होय.