वाडग्याला नाव मालकाचं: जपानला जाण्याआधी यानागी वाचताना

मातीकाम बघायला परदेशी जायचं, म्हणून मी अभ्यासदौऱ्याचा पहिला आराखडा लिहिला, तेव्हा त्यात नुसती ठिकाणं होती. टोकियोचं निहोन मिंगेईकान म्हणजे लोककलेचं संग्रहालय, कुंभारांचं माशिको, शेवटी क्योटो. मार्गदर्शकांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "तिथे जाऊन विचारणार काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग सोएत्सु यानागी यांचं 'द अननोन क्राफ्ट्समन' पुन्हा वाचायला घेतलं. या विषयात पडणाऱ्याच्या हातात हे पुस्तक कोणी ना कोणी ठेवतंच. या वेळी मात्र जरा भांडत वाचलं.

यानागींचं म्हणणं थोडक्यात असं: रोजच्या वापरासाठी, स्वतःचं नाव न मिरवता, परंपरेच्या आधाराने ढिगाने केलेल्या वस्तूंमध्ये जे सौंदर्य उतरतं, ते नाव कमावण्यासाठी केलेल्या कामात सहसा उतरत नाही. शोजी हामादा आणि कांजिरो कावाई यांच्यासोबत त्यांनी १९२५ मध्ये 'मिंगेई' हा शब्द घडवला आणि १९३६ मध्ये हे संग्रहालय उघडलं. साध्या वस्तूकडे बघायची नजर या माणसाने दिली, हे ऋण मान्य करूनच पुढचं लिहितेय.

सगळ्यात आधी पुस्तकाची जात ओळखा. ते १९७२ मध्ये आलं, यानागी १९६१ मध्येच गेले होते. इंग्रजी रूप बर्नार्ड लीच यांनी दिलं आणि मुखपृष्ठावरच ते रूपांतर असल्याचं म्हटलंय. म्हणजे आपण वाचतो ते लीच यांच्या हातून आलेले यानागी. प्रबंधात "यानागी म्हणतात" असं बिनधास्त लिहिण्याआधी हे ध्यानात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. पुस्तकातला सगळ्यात गाजलेला लेख किझाएमोन नावाच्या चहाच्या वाडग्यावर आहे. वाडगा मूळचा कोरियातला. यानागींच्या मते तो गरिबाघरचा साधा भाताचा वाडगा, कुण्या अनाम कुंभाराने सहज केलेला. आज तो क्योटोच्या दाइतोकुजी मंदिर परिसरात आहे आणि जपानचा राष्ट्रीय ठेवा मानला जातो. पण किझाएमोन कोण? ओसाकाचा एक व्यापारी, वाडग्याचा एके काळचा मालक! वाडग्याला नाव आहे, पण करणाऱ्याचं नाही, बाळगणाऱ्याचं आहे. यानागी या अनामिकतेला कुंभाराचा गुण मानतात. मला ती संग्रहाच्या वहीतली रिकामी जागा वाटते.

हामादांचं उदाहरण याच्याशेजारी ठेवून बघा. जपानला परतल्यावर ते भांड्यावर शिक्का मारत नसत, पण भांडं ज्या लाकडी पेटीतून जाई तिच्यावर सही करत. १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. नाव न घालणं त्यांनी निवडलं होतं, कोरियातल्या कुंभाराला ती निवड होती का? शिवाय १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. कोरियन कलेत यानागींना दुःखाचं सौंदर्य दिसलं आणि त्यावर कोरियन अभ्यासकांनी पुढे कडक टीका केली. तरी त्यांना एका वाक्यात मोडीत काढू नका. सेऊलचं ग्वांगह्वामुन हे राजवाड्याचं द्वार पाडायला त्यांनी १९२२ मध्ये उघड विरोध केला होता. टीका करायची तर दोन्ही बाजू मांडून करावी.

हे सगळं वर्ध्यात बसून वाचलं की आणखी एक गोष्ट दिसते. मिंगेईकाननंतर दोनच वर्षांनी, ३० डिसेंबर १९३८ ला, इथे गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. हाताच्या कामाचा मान दोन्हीकडे आहे, पण प्रश्न वेगळे. यानागी विचारतात, वस्तू सुंदर कशाने होते? मगनवाडीतल्या कुमारप्पांच्या अर्थविचाराचा प्रश्न असा, की ती करणाऱ्याचं पोट भरतं का?

आणि गावात कुंभार अनाम नसतोच. माठ पहिल्याच दिवशी झिरपला तर कुणाच्या दारात जायचं, हे घरातल्या बाईला पक्कं माहीत असतं. तोच माठ काचेच्या कपाटात गेला की चिठ्ठीवर जातीचं नाहीतर जिल्ह्याचं नाव उरतं. बलुतेदारीत काम जन्माने ठरायचं. त्याला 'अहंकार विसरून केलेली साधना' म्हणणं मला तरी जड जातं. आपल्याकडे गोरा कुंभाराचं नाव शतकानुशतकं टिकलं, पण ते अभंगांमुळे, मडक्यांमुळे नाही.

तर आराखडा असा बदलला. मिंगेईकानमध्ये आता दालनं बघायला एक दिवस आणि नोंदवह्यांबद्दल विचारायला एक दिवस. वस्तू कुणाकडून, किती पैशाला, कधी घेतली? त्यासाठी पत्र निघण्याच्या आधी काही महिने पाठवायचं, हव्या त्या वस्तूंची यादी जोडून. माशिकोत हामादांच्या घरासोबत मिनागावा मासु या बाईंनी रंगवलेल्या चहाच्या किटल्या बघायच्या. रोज शेकड्यांनी किटल्या रंगवणारी ही कारागीर, पण तिचं नाव आपल्यापर्यंत पोचलंय. विचारलं की नाव मिळतं, याचा तो पुरावा. क्योटो वगळलं, पैसे आणि दिवस दोन्ही वाचले.

तुम्हीही दौरा आखत असाल तर ठिकाणांच्या यादीआधी एक प्रश्न लिहा आणि तो घराजवळ वापरून बघा. मी पुढचा महिना वर्ध्यातच आहे. तीच प्रश्नावली घेऊन आधी इथल्या चाकांवर आणि आव्यांवर जाणार आहे. पहिला रकाना: करणाऱ्याचं नाव, आणि ते छापलेलं चालेल का, हे त्यालाच विचारून.