‘इंजेन्युअस’ : भाबडा की प्रांजळ?

मंडळी, आज आपण एकच इंग्रजी शब्द घेऊ, ‘इंजेन्युअस’. निष्कपट, सरळ मनाचा, भाबडा असे त्याचे अर्थ आपण पाठ करतो आणि पुढे जातो. पण हा शब्द मुळात स्वभाव सांगणारा नव्हताच. तो माणसाचा दर्जा सांगत होता.

मूळ लॅटिन शब्द ‘इंजेन्यूस’. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित गायस स्वतंत्र माणसांचे दोन वर्ग करतो. जन्मतः स्वतंत्र ते ‘इंजेन्युई’ आणि गुलामीतून मुक्त केलेले ते ‘लिबर्टिनी’. म्हणजे हा जन्माचा दाखला झाला. पुढे त्याला खानदानी, दिलदार, मोकळं बोलणारा असे अर्थ चिकटले. आता विचार करा, मोकळं बोलणं हा स्वतंत्र माणसाचाच गुण का ठरला? गुलामाला ते परवडतच नव्हतं म्हणून. रोमन न्यायालयात गुलामाची साक्ष सहसा यातना देऊनच घेत. ज्याला बोलायची मुभा नाही त्यालाच लबाड ठरवायचं, हा अन्याय या शब्दाच्या पोटात आहे.

इंग्रजीत आल्यावर सतराव्या शतकात ‘इंजीनियस’, म्हणजे कल्पक, या शब्दाशी त्याची सरमिसळ झाली. ‘इंजेन्युइटी’ हे नाम खरं तर याचं, पण कल्पकतेनं ते पळवलं. याच्या वाट्याला हळूहळू भोळेपणा उरला.

व्होल्टेअरची १७६७ सालची ‘लँजेन्यू’ ही कथा इथे आठवते. ह्युरॉन लोकांत वाढलेला नायक मनात येईल ते बोलतो, म्हणून त्याचं हे नाव. फ्रान्समध्ये तो छळ सोसणाऱ्या प्रॉटेस्टंटांबद्दल उघड कळवळा दाखवतो आणि पुढे बास्तीयच्या तुरुंगात जाऊन पडतो. आधी आपण त्याला हसतो. मग लक्षात येतं की चूक त्याच्या बोलण्यात नाही, ते न सोसणाऱ्या सत्तेत आहे.

म्हणूनच सरसकट ‘भाबडा’ हे भाषांतर आम्हाला पटत नाही. त्या शब्दात कीव आहे. काही ठिकाणी तो चालेलही, पण खरं बोलण्याची किंमत मोजणाऱ्या माणसाला आपण ‘प्रांजळ’ म्हणूया. भाबडा म्हटलं की त्याचं बोलणं हसण्यावारी नेता येतं. प्रांजळ म्हटलं की ते ऐकून घ्यावं लागतं.