जुलैत गरीब नाही, जानेवारीत गरीब

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये 17 शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. पहिलंच गरिबीचं. त्यातलं 1.2 क्रमांकाचं लक्ष्य असं: देशाच्या स्वतःच्या व्याख्येनुसार जे गरीब ठरतात, त्यांचं प्रमाण 2030 पर्यंत किमान निम्म्यावर आणायचं. नीती आयोगाच्या 2023 च्या अहवालानुसार 2015-16 ते 2019-21 या काळात भारतात हे प्रमाण 24.85 टक्क्यांवरून 14.96 वर आलं, महाराष्ट्रात 14.80 वरून 7.81 वर. म्हणजे लक्ष्य मुदतीच्या बरंच आधी गाठणार, असा अहवालाचा सूर. ही घट खरी आहे. वीज, संडास, गॅस घरोघरी पोचलेत, ते आपल्याला दिसतंच. माझी तक्रार मोजपट्टीबद्दल आहे.

ही मोजपट्टी म्हणजे बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक. आरोग्य, शिक्षण, राहणीमान असे तीन भाग, प्रत्येकाला सारखं वजन, एकूण 12 निकष. कुटुंबाच्या उणिवांची बेरीज एक तृतीयांश किंवा जास्त भरली की ते गरीब.

आता इंदापूर-अकलूज रस्त्यावरच्या बावड्याला या. हा उसाचा पट्टा. हंगाम लागला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. समजा, त्यातलं एक कुटुंब जुलैत आपल्या गावी आहे: पक्कं घरकुल, वीज, गॅस, संडास, बँकेत खातं, पोरगी चौथीत. उणीव शून्य. जानेवारीत तेच कुटुंब बावड्याजवळ फडाशेजारी कोपीत आहे. वीज नाही, संडास नाही, चूल लाकडावर, कोपी हे काही पक्कं घर नव्हे. या चार उणिवा प्रत्येकी 1/21. पोरगी शाळेत जात नाही, त्याचे 1/6. बेरीज 35.7 टक्के. कुटुंब गरीब!

पण आकडेवारीत ते गरीब दिसणार नाही, कारण आकडे येतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून. महाराष्ट्रात त्याच्या पाचव्या फेरीचं काम जून ते डिसेंबर 2019 मध्ये झालं. त्यातला बराच काळ टोळ्या गावाकडेच असतात. आणि समजा, जानेवारीत कुणी कोपीपर्यंत पोचलंच, तरी शाळेबद्दलचा प्रश्न असा असतो: या शैक्षणिक वर्षात मूल कधीतरी शाळेत गेलं का? जूनमध्ये गेलं होतं, म्हणजे उत्तर 'हो'. 1/6 गळाला. बेरीज उरते 19 टक्के. कुटुंब पुन्हा 'गरीब नाही'.

मुकादमाकडून घेतलेली उचल तर 12 निकषांत कुठेच नाही. बँकेत खातं आहे का, हे विचारतात. डोक्यावर किती कर्ज आहे, हे विचारत नाहीत.

याने फरक काय पडतो? सरकारला वेग हवा असतो, आणि जे मोजलं जातं त्याचाच वेग वाढवला जातो. घरकुल मोजलं जातं म्हणून ते बीडच्या गावात बांधलं जातं. कोपीजवळ पाणी, संडास आणि पोरांना शाळा दिली, तरी निर्देशांक जागचा हलत नाही. मग त्यावर खर्च करायची घाई कुणाला?

दुरुस्ती अवघड नाही. स्थलांतराच्या जिल्ह्यांत दोन हंगामांत मोजा. 'वर्षात कधीतरी' ऐवजी 'गेल्या आठवड्यात किती दिवस' असं विचारा. महाराष्ट्राचा 7.81 चा आकडा कदाचित थोडा वर जाईल. जाऊ दे. निदान चौथीतली ती पोरगी त्यात मोजली जाईल.